दांड्याचं माप

शिवोलीच्या तिठ्यावर माझं दुकान. दुकान कसलं,
चार खांब, वर झावळ्या, खाली भुसा.
मी दांडे बसवतो, कुदळीला, कोयत्याला, पिकासाला,
आणि रिकाम्या वेळी
जाणाऱ्या-येणाऱ्यांची चाल बघतो.

कायतान रेंदेर कधी सरळ बसत नाही.
काती कमरेमागे, मूठ डावीकडे,
ती टोचू नये म्हणून तीस वर्षं
एक कुल्ला उचलून बसला.
पुतणीच्या लग्नाला चर्चमध्ये आला तेव्हा काती घरी होती,
तरी बाकावर तसाच,
पाद्रीकडे अर्धी पाठ करून.

कोयत्याची मूठ गोल करू नये.
गोल मूठ हातात फिरते. मग बोटं आवळतात,
मनगट ताठतं, ताठपणा कोपरातून खांद्यात चढतो,
आणि माणूस म्हणतो, वारं भरलं.
वारं नाही रे. मूठ.
अंड्यासारखी लांबट केली
की पातं कुठे वळलंय ते तळव्याला
अंधारातही कळतं.

एप्रिलच्या शेवटी उमावती आली आगरवाड्याहून,
खांद्यावर मीठ ओढायची फळी.
दांडा मधोमध चिरलेला.
"असोच जाय," म्हणाली. असाच पाहिजे.
सासूचा होता तो. सासू पावणेपाच फूट.
ही तिच्यापेक्षा वीतभर उंच,
म्हणजे लग्न झाल्यापासून
ती वीत हिने कमरेत दुमडून ठेवलेली.

मी म्हटलं, चपला काढ. हात सोड. समोर बघ.
जमिनीपासून हनुवटीपर्यंत सुतळी धरली,
गाठ मारली.
ती हसली. शिंप्यानेसुद्धा
एवढं मोजलं नव्हतं तिला.
पोफळीचा दांडा निवडला, हलका,
दोन रात्री खोबरेल पाजलेला,
जिथे वरचा हात येतो तिथे जरा बारीक.

आठवड्याने चोपड्याला खिडकीचं काम होतं,
सायकल आगराकडे वळवली.
आधी ती ओढायची तेव्हा
डोकं पुढे, टाचा चिखलात रुतलेल्या,
सगळी खेच माकडहाडातून.
आता एक पाऊल मागे, वजन मागच्या पायावर,
पुन्हा एक पाऊल,
आणि मीठ कुरकुरत तिच्या मागे येतं
दाणे टाकल्यावर कोंबड्या येतात तसं.

मला बघून थांबली.
दांडा छातीला टेकवला.
"दांडो बरो आसा."
मग बराच वेळ काही नाही.
मग म्हणाली, वाकून होते तेव्हा
माझी पावलं दिसायची, आणि पाण्यात उलटं आभाळ.
आता बांधापलीकडचं दिसतं.

मी तिकडे बघितलं.
तिच्या दिरांनी विकलेलं आगर,
त्यात लाल मातीचा भराव, कुंपणाचे खांब,
एक ट्रक, मागे मागे येत शिट्टी वाजवणारा.
हे काही मी मोजलं नव्हतं.
"आखूड करून देऊ?"
ती नको म्हणाली नाही, हो म्हणाली नाही.
ओढायला लागली.

घरी आलो. वाकस हातात घेतला.
हा बापाचा. बाप डावखुरा.
दांड्याला त्याच्या बोटांचे खळगे पडलेत
आणि माझी बोटं रोज
दुसऱ्याच्या चपलेत पाय घालावा तशी त्यात शिरतात.
सदरा नेहमी उजव्या खांद्यावरून घसरतो माझा.
बायको म्हणते, शिंपी बदल.

शेवटी सुतळी काढली,
पायाखाली एक टोक धरायला वाकलो, वर ओढली.
वाकलं की माप चुकतं.
सरळ झालं की टोक सुटतं.
दोन-तीनदा करून बघितलं, भुशात उभं राहून.

उमावती येईल परत, काही ना काही घेऊन.
तिला म्हणेन, जरा धर,
खालचं टोक.